खालचा आकडा कोणी मोजला?

शंभर टक्के लसीकरण पूर्ण! बातमी येते, फोटो छापला जातो, सत्कार होतो. एक प्रश्न तेवढा राहून जातो. शंभर टक्के कुणाचे?

शाळेत शिकलोय आपण. वर अंश, खाली छेद. लस किती जणांना दिली, तो अंश. किती जणांना द्यायला हवी होती, तो छेद. अंशाचा अहवाल खालून वर जातो आणि त्यावर सगळ्यांची नजर असते. छेद वर्षाच्या सुरुवातीला वरून खाली येतो आणि त्याला कोणी हात लावत नाही.

छेद चुकला की अंश कितीही खरा असो, टक्केवारी खोटीच निघते.

लग्नातला आचारीसुद्धा आधी विचारतो, पानं किती धरायची? अंदाज चुकला तर भर पंगतीत सगळ्यांसमोर दिसतं, हे त्याला ठाऊक असतं. लसीचा अंदाज चुकला तर ते दिसायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर साहेबांची बदली झालेली असते.

मग हा छेद येतो कुठून?

जनगणनेतून. कोणत्या? २०११ च्या. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली आणि मग ढकलतच राहिलो. जुन्या जनगणनेची संदर्भतारीख होती १ मार्च २०११. नवीची ठरली १ मार्च २०२७. मधे सोळा वर्षं. जुन्या मोजणीच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेलं मूल नव्या मोजणीच्या वेळी दहावीच्या परीक्षेला बसलेलं असेल.

मधल्या वर्षांसाठी अंदाज आहेत ना? आहेत. केंद्राच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ या काळाचे राज्यवार अंदाज बांधले, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मेहनतीचं काम आहे. राज्याला एकूण लस किती लागेल, हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. पण लस राज्याला टोचत नाहीत. एका वस्तीतल्या एका बाळाला टोचतात, आणि त्या अंदाजांत ती वस्ती नसते.

वस्तीचा आकडा मग गुणाकाराने काढतात. रीत सोपी आहे. लोकसंख्या घ्या, जन्मदराने गुणा, झाले वर्षाचे जन्म. त्यातून बालमृत्यू वजा करा, झाली लसीला पात्र बाळं. जन्मांवर दहा टक्के चढवा, झाल्या गरोदर माता. बाराने भागा, झालं महिन्याचं उद्दिष्ट. एकही दार न वाजवता तक्ता भरून तयार!

आकडे घालून बघू. सपाटीवरचं उपकेंद्र, निकषाप्रमाणे लोकसंख्या ५,०००. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५. म्हणजे वर्षाला ७५ बाळं. आता कोणी त्याच वर्षाचा देशाचा जन्मदर घातला, १९.५, तर होतात ९७. बावीस बाळं निव्वळ कागदावर जन्मली. त्यांना लस कोण देणार?

उलटी चूक याहून घातक. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली कागदावर ३०,००० माणसं आहेत. हजारी १५ ने ४५० बाळं. पण मधल्या काळात गाव शहराला चिकटलं, कारखाने आले, चाळी उठल्या, माणसं झाली ३६,०००. बाळं झाली ५४०. सिस्टरने ४५० बाळांना लस दिली. अहवालात शंभर टक्के. प्रत्यक्षात ८३.

उरलेली नव्वद बाळं राहिली, असंही कोणी म्हणणार नाही. कागदावर ती जन्मलीच नव्हती.

गोवर अडवायचा तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. कारण गोवराचा एक रोगी, लस नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना रोग देतो. आता ती नव्वदची तूट पाच वर्षं साचू द्या. साडेचारशे मुलं. साथीला आणखी काय लागतं?

मुंबईत २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गोवर उसळला तो कुठे? गोवंडीत. दाट वस्ती, सतत ये-जा, भाड्याच्या खोल्या, दर काही महिन्यांनी बदलणारी कुटुंबं. म्हणजे नेमकी ती जागा, जिथे लोकसंख्येचा जुना आकडा सर्वांत कमी कामाचा. साथ आली, बालकं दगावली, केंद्राचं पथक आलं, घरोघर पाहणी सुरू झाली. लस राहिलेली मुलं हजारोंनी सापडली.

हीच पाहणी साथीच्या आधी करायला कोणी अडवलं होतं?

त्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक गोष्ट झाली. एरवी गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. केंद्राने कळवलं, जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण एकूण रुग्णांत दहा टक्क्यांहून जास्त आहे, तिथे सहा महिन्यांपासून एक डोस द्या. शिवाय साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यावा. निर्णय योग्यच होता. पण एका पत्राने पात्र मुलांची रेघ सरकली. सहा महिन्यांची बाळं या वस्तीत किती? नोंदवही अद्ययावत असेल तर उत्तर पाच मिनिटांत. नसेल तर साथ उत्तर देते.

आता दुसरी बाजू. उद्दिष्ट फुगलेलं असलं तर?

गाव रिकामं होतंय, तरुण पुण्या-मुंबईला गेलेत, घरात म्हातारी माणसं. कागदावर ७५ बाळं, गावात ६०. सिस्टरने साठच्या साठ बाळांना लस दिली, एकही सोडलं नाही. अहवाल म्हणतो ८०. आढावा बैठकीत तिला उभं करून विचारतात, पंधरा कुठे गेली?

ती काय सांगणार? जी नाहीत ती कुठे जाणार?

अशा दोन बैठका झाल्या की तिसऱ्या महिन्यात ७५ भरून येतात. आपण तिला खोटं लिहायला शिकवतो आणि वर म्हणतो, खालची यंत्रणा आकडे फुगवते!

बरं, आकडा नुसता कागदावर राहत नाही. त्याच्यावर लस मागवतात. पात्र मुलं गुणिले डोस गुणिले वाया जाण्याचा गुणक. दहा टक्के वाया जाणार धरले तर गुणक १.११. छेद कमी धरला की शीतपेटीत कुप्या कमी. मग लांबून आलेल्या आईला सांगतात, पुढच्या सत्राला या. ती मजुरी बुडवून आलेली असते. पुढच्या सत्राला ती येत नाही.

छेद जास्त धरला तर? बीसीजीची कुपी दहा डोसची. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. एक बाळ आलं तरी कुपी उघडा, असा नियम आहे. आणि वाया गेलेल्या प्रत्येक डोसाचा जाब विचारायचा, हाही रिवाज आहे. दोन्हींच्या मधे जी अडकते ती सिस्टर, आणि जे परत जातं ते बाळ.

आता आपल्या घरातलं पाहू. पहिलं बाळंतपण कुठे? माहेरी. हे कोणत्या तक्त्यात बसतं?

सातवा-आठवा महिना लागतो, मुलगी माहेरी जाते. सासरच्या आशाताईच्या वहीत ती गरोदर माता म्हणून आहे. माहेरच्या आशाताईच्या वहीतही तिची नोंद झाली. बाळ झालं. दोन-चार महिने माहेर, मग सासर. जन्माची लस तिकडे, दीड महिन्याची तिकडे, साडेतीन महिन्यांची कुठे? सासरी विचारलं तर, तिकडेच दिली असेल. माहेरी विचारलं तर, आता ती सासरी गेली. एक बाळ दोन वह्यांत असतं किंवा एकाही वहीत नसतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे ही. उद्दिष्टाच्या सूत्रात मात्र तिला अजून जागा मिळालेली नाही.

ऊसतोडीचं तर विचारूच नका. बीडमधून, मराठवाड्याच्या इतर भागांतून कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यांच्या फडांवर जातात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. बाळाची दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची लस आणि नऊ महिन्यांचा गोवर, यातलं काही ना काही त्या हंगामात येणारच. गावच्या उद्दिष्टात बाळ आहे, पण गावात नाही. फडावर बाळ आहे, पण तिथल्या उद्दिष्टात नाही.

वीटभट्टीवर हेच. बांधकामावर हेच. स्थलांतर ही अचानक आलेली आपत्ती नाही. दरवर्षी त्याच महिन्यांत, त्याच रस्त्यांनी, त्याच मुकादमांच्या ट्रकमधून होतं. साखर कारखान्याला माहीत असतं कोणत्या फडावर किती कोयते येणार. आरोग्य खात्याला का माहीत नसावं?

आता कोविडचे दिवस आठवा. तेव्हा तर देश एकच आकडा रोज बघत होता.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हाचा हिशेब ३० कोटींचा. १ कोटी आरोग्य कर्मचारी, २ कोटी आघाडीवर काम करणारे, २७ कोटी पन्नाशी ओलांडलेले आणि सहव्याधी असलेले. १ मार्चला साठीपुढचे सगळे आणि पंचेचाळिशीपुढचे व्याधीग्रस्त. १ एप्रिलला पंचेचाळिशीपुढचे सगळे. १ मेला अठरा वर्षांपुढचे सगळे. झाले सुमारे ९४ कोटी, दोन डोसांचे १८८ कोटी. लोक तेवढेच होते. पात्रता साडेतीन महिन्यांत तिप्पट झाली.

आणि लस? १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण महाराष्ट्राला मे महिन्याच्या मध्यालाच थांबवावं लागलं. होता तो साठा पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसासाठी वळवला. पात्र कोण, हे जाहीर करायला एक पत्रक पुरतं. पात्र किती आणि त्यांना पुरेल इतकी लस कधी, हे आधी मोजावं लागतं.

गरोदर स्त्रियांना तर २ जुलै २०२१ पर्यंत पात्रच धरलं नव्हतं. दुसरी लाट ओसरत आली, तेव्हा त्या छेदात आल्या. तोवर टक्केवारीत त्या नव्हत्याच. रुग्णालयात होत्या.

मुंबईची गंमत नव्हे, धडा बघा. पात्र प्रौढ धरले सुमारे ९२ लाख. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्या डोसाचे शंभर टक्के झाले. पुढे आकडा शंभराच्याही वर गेला. कसा? वसई, कल्याण, नवी मुंबईहून रोज कामाला येणाऱ्यांनी मुंबईत लस घेतली. लोकलने येणारे अंशात आले, छेदात नव्हते. मुंबईतल्या ज्या माणसाने लस घेतलीच नाही, त्याची जागा विरारच्या माणसाने भरली. कागदावर.

शंभराच्या वर गेलेला आकडा अभिमानाने सांगायचा नसतो. छेद चुकला आहे, अशी ती जाहीर कबुली असते.

वयाने पात्रता ठरवणं तरी सोपं. व्याधीने ठरवायची म्हटली की घोळ आणखी वाढतो. मार्च २०२१ च्या टप्प्यासाठी २० व्याधींची यादी आली, डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं. देशात मधुमेह असलेल्या कितीतरी लोकांना आपल्याला मधुमेह आहे हेच माहीत नसतं. मग तो माणूस पात्र की अपात्र? ज्याच्या गल्लीत डॉक्टर, तो पात्र. ज्याच्या तालुक्यात तपासणी नाही, तो धडधाकट!

२०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत प्रौढांसाठी बीसीजी लसीची मोहीम झाली. निकष सहा. साठीपुढचे. मधुमेह असलेले. धूम्रपान करणारे. शरीरवस्तुमान निर्देशांक १८ च्या खाली असलेले. गेल्या पाच वर्षांत क्षयरोग झालेले. आणि गेल्या तीन वर्षांत क्षयरुग्णाच्या निकट सहवासात आलेले. आता पात्र किती? सहा याद्यांची बेरीज केली की आकडा फुगला, कारण सत्तरीचे एक आजोबा विडी ओढतात, त्यांना मधुमेह आहे आणि धाकट्या मुलाला दोन वर्षांपूर्वी क्षय झाला होता. चार याद्यांत नाव, दंड एकच.

आणि दारात येऊन सिस्टरने विचारलं, सिगारेट ओढता का? मागे आई उभी आहे. तरुण मुलगा काय उत्तर देणार?

मुलींच्या एचपीव्ही लसीचंही बघा. लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने २०२२ मध्ये शिफारस केली. ९ ते १४ वयाच्या सगळ्या मुलींना एकदा, मग दरवर्षी नऊ वर्षांच्या मुलींना. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचं सांगितलं गेलं. पुण्यातच तयार झालेली सर्व्हावॅक आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने देशात दरवर्षी पाऊण लाखाच्या आसपास बायका जातात. शिफारसीबद्दल वाद घालायला जागा नाही.

पण मुली कुठे मोजणार? शाळेत. सोपं आहे, पट तयार आहे. आणि सातवीत शाळा सुटलेली? धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसलेली? फडावर आईबरोबर गेलेली? बालविवाह होऊन सासरी गेलेली? तिला धोका सर्वांत जास्त आणि शाळेच्या पटावर तिचं नाव नाही. शाळेचा पट छेद म्हणून घेतला की ती मुलगी राहिलीसुद्धा म्हणता येत नाही.

शिवाय पात्रतेला मुदत असते. रोटाव्हायरसचा पहिला डोस बाळ वर्षाचं व्हायच्या आत सुरू व्हावा लागतो. एचपीव्हीच्या शिफारशीत पंधरा वर्षं पूर्ण झाली की मुलगी त्या गटातून बाहेर. ती बाहेर गेली की छेद एकने कमी होतो आणि टक्केवारी थोडी वर सरकते. काहीही न करता आकडा सुधारला. मुलगी लसीविना राहिली.

आता सर्वांत मोठा छेद. अख्ख्या देशाचा.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये भारतात एकही डोस न मिळालेली बालकं सुमारे १६ लाख. आपलं आरोग्य मंत्रालय काय म्हणालं? हे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या ०.११ टक्के आहे.

एकूण लोकसंख्येच्या!

म्हणजे वर्षाखालच्या बाळांच्या लसीचा हिशेब करताना छेदात तुम्ही, मी, आपले आजोबा, सगळे. वर्षाला आपला कार्यक्रम सुमारे २.६ कोटी नवजात बालकांसाठी आहे, हे सरकारच सांगतं. त्यांच्यात १६ लाख म्हणजे शंभरात सहा. ०.११ ऐकून कुणाची झोप उडत नाही. शंभरातली सहा बाळं ऐकून उडायला हवी.

यातही न्यायाचं बोलायचं तर बोललं पाहिजे. २०२४ चा अंदाज १६ लाखांवरून ९ लाखांवर आला. एका वर्षात इतकी घट ही खरी कमाई आहे, आणि ती उन्हातान्हात वाड्या-वस्त्या पालथ्या घालणाऱ्या बायकांची आहे. मग ही कमाई योग्य छेदावर सांगायला काय हरकत? सहावरून साडेतीनवर आलो, हे सांगण्यासारखं आहे. सरकारने सांगितलं काय? ०.११ वरून ०.०६.

पाहणीचा आरसाही आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घरात जाऊन विचारते, कार्ड बघते, आईला विचारते. चौथ्या फेरीत महाराष्ट्रात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांत पूर्ण लसीकरण ५६ टक्के. पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, ७३.५. चांगली झेप. पण मासिक अहवालांतले आकडे याहून बरेच वर असतात. एकाच राज्याची मुलं, दोन वेगळी उत्तरं. घरात जाऊन मोजलं तर कमी, कचेरीत बसून मोजलं तर जास्त. यातलं खरं कुठलं, हे वाचकाला सांगायला हवं का?

मग मोजणं अशक्यच आहे का? अजिबात नाही. आपणच ते करून दाखवलंय.

पोलिओ. १९९५ पासून पल्स पोलिओ. वर्षानुवर्षं टक्केवारी उत्तम आणि उत्तर प्रदेश-बिहारमध्ये पोलिओही तसाच. का? कारण उद्दिष्टाच्या बाहेरची मुलं. मग काय केलं? उद्दिष्ट बाजूला ठेवलं आणि घरं मोजली. प्रत्येक घरावर खडूची खूण. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’. एक जरी राहिलं तर ‘एक्स’, आणि त्या दारात पुन्हा जायचं. मुलाच्या बोटावर शाई. रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर, चालत्या गाडीत पथकं. कोसी नदीच्या पुरात दरवर्षी जागा बदलणाऱ्या वस्त्या शोधून नकाशावर आणल्या. नवजात बाळांच्या याद्या केल्या.

१३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटचा रुग्ण. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र. त्या मोहिमेने टक्केवारीवर समाधान मानलं नाही. राहिलेलं मूल कोणत्या दारात आहे, हे विचारलं.

मग तीच पद्धत नेहमीच्या लसीकरणाला का नाही? आहे की! २०१४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या मिशन इंद्रधनुष्यात शिरगणती आहे, राहिलेल्या मुलांची यादी आहे, वीटभट्ट्या आणि स्थलांतरितांच्या वस्त्या आहेत. सूक्ष्मनियोजनाचे तक्ते छापलेले आहेत. मार्गदर्शक सूचना वाचल्या तर नाव ठेवायला जागा नाही. अडतं कुठे? शिरगणती करणाऱ्या बाईवर.

गावात आशाताईकडे हजार लोकसंख्या हा निकष. शहरी झोपडपट्टीत प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त माणसं तिच्या वाट्याला येतात. तिला पगार नाही, मोबदला आहे. कामाप्रमाणे, आणि तोही उशिरा. तिच्याच वहीवर देशाचा छेद उभा आहे. महाराष्ट्रातल्या आशाताईंना मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावं लागतं. संपाच्या काळात कुठली शिरगणती आणि कुठली बाळांची यादी?

छेद अचूक हवा असेल तर आधी तो मोजणारीला वेळेवर पैसे द्या. बाकी सगळी भाषणं नंतर.

आता यू-विन पोर्टल आलंय. नावागणिक नोंद, कुठेही लस घ्या, नोंद सोबत. माहेर-सासरचा गोंधळ त्याने बराच मिटेल, ऊसतोडीच्या बाळालाही उपयोग होईल. स्वागत आहे. पण पोर्टलला तेच बाळ दिसतं ज्याची नोंद झाली. ज्याची नोंदच नाही, ते संगणकासाठी जन्मलेलं नाही. दार वाजवणारं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

आणि २०२७ ची जनगणना? ती आल्यावर सगळं ठीक होईल? थोडं होईल. पण तिचाही आकडा दुसऱ्याच वर्षी शिळा व्हायला लागेल. गल्लीतली बाळं दहा वर्षांनी मोजायची नसतात. ती महिन्याला मोजायची असतात.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, टक्केवारी जाहीर करताना छेद आणि तो कुठून आला हे शेजारी छापा: जनगणना, अंदाज की शिरगणती. दोन, शंभराच्या वर आकडा गेला की सत्कार थांबवा आणि पुन्हा मोजा. तीन, शिरगणतीत बाळं वाढली म्हणून कोणाला जाब विचारू नका. नवं बाळ शोधून काढणाऱ्या सिस्टरची टक्केवारी त्या महिन्यात घसरते. तिला शाबासकी द्यायची की नोटीस, यावर पुढच्या महिन्यात कोणी बाळ शोधणार की नाही हे ठरतं.

चार, पाहणी आणि अहवाल यांत मोठा फरक दिसला की जिल्ह्याने उत्तर द्यावं. साथ यायची वाट बघू नये.

आणि पाचवी आपल्यासाठी. आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रात जा. टक्के किती झाले, हे विचारू नका. विचारा, या महिन्यात किती बाळं राहिली? आकडा सांगितला तर समजा तिथे काम चालू आहे. ‘एकही नाही’ म्हणाले तर लगेच दुसरा प्रश्न विचारा: शेवटचं दार कधी वाजवलं होतं?